नंदूस पत्र: कोनाड्यांतल्या कपाटाबद्दल

प्रिय नंदू,

आम्ही सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच. तुझ्या बैठकीचा फोटो पाहिला आणि लगेच लिहायला बसलो. सुताराला दोन-चार दिवस थांबव. आगाऊ रक्कम दिली असलीस तरी थांबव.

दोन्ही कोनाड्यांत जमिनीपासून वरपर्यंत बंद कपाट करायचं तू ठरवलंयस. त्यात मला सगळ्यात जास्त काळजी डाव्या कोनाड्याची वाटते. फोटोत तळाशी रंग फुगून पोपडे सुटलेले दिसतात, आणि ती बाहेरची भिंत आहे. तिच्यावर प्लायची पाठ चढली की ओल दिसायची बंद होईल, थांबणार मात्र नाही. आधी कडा फुगतील, मग बुरशी, मग वाळवी, आणि तुला पत्ता लागेल तो दार घासायला लागल्यावर.

म्हणून पोपडे खरवडून, तिथेच एक हातभर प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लाव आणि दोन दिवस तसंच ठेव. पाणी प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून साचलं तर ओल भिंतीतली. खोलीच्या बाजूनं दव धरलं तर हवेतली. भिंतीतली निघाली तर आधी गळती शोध, गिलावा पूर्ण वाळू दे, मगच लाकूड आत ने. हे काही आठवडे उजवा कोनाडा एकटा भरला तरी चालेल.

आता पैशाचं. कोनाड्याला तीन भिंती आहेतच, मग त्यांच्या आत परत तीन भिंती कशाला? कपाट सोड, भिंतींवरच नुसत्या उघड्या फळ्या बसव. हिशेब करून बघ: 210 सेंटिमीटर उंच, 80 रुंद, 30 खोल अशा एका कपाटाच्या दोन बाजू आणि पाठ मिळून जवळजवळ 3 चौरस मीटर होतात. प्लायची आठ बाय चार फुटांची अख्खी शीटही तेवढीच. वर बाजूंच्या जाडीत आणि भिंतीच्या वाकडेपणात पाच-सहा सेंटिमीटर रुंदी जाते ती वेगळीच. त्याच एका शीटमधून 80 बाय 30 च्या बारा फळ्या निघतात. 30 च्या चार पट्ट्या, प्रत्येकीचे तीन तुकडे, करवतीची झीज धरूनही बसतं. फळीची खोली 32 केलीस तर चारऐवजी तीनच पट्ट्या निघतील आणि तीन फळ्या कमी होतील. कोनाडा 35 खोल आहे म्हणून सुतार 35 ची फळी सुचवेल. ऐकू नकोस. फळी कोपऱ्यापासून थोडी आत राहिली तर उलट नीटस दिसते.

फळी 18 मिलिमीटर प्लायची, लाकडाच्या रेषा लांबीच्या दिशेनं. पार्टिकल बोर्ड नको. ओल लागली की फुगतो आणि स्क्रूची पकड सोडतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड, पुस्तकांखाली 60 सेंटिमीटरच्या पुढे वाकतो. पुस्तकं मीटरला 20 ते 30 किलो सहज भरतात, अण्णांचे जाड ग्रंथ त्याहून जास्त. तेवढ्याच दाटीनं भरलेल्या फळीची लांबी दुप्पट झाली तर झोल सोळापट होतो, म्हणून लांबीला जपायचं. तुझी 80 ची फळी नुसत्या 18 मिलिमीटरवर काठावर आहे. जाडी वाढवू नकोस. मागे सलग टेकूपट्टी, म्हणजे फळीला खालून आधार देणारी भिंतीवरची पट्टी, दे आणि पुढच्या कडेला 40 बाय 20 मिलिमीटरची लाकडी पट्टी उभी, फेव्हिकॉल आणि स्क्रूनं. पट्टीचा वरचा काठ फळीशी सपाट, उरलेली खाली. फळी ताठ होते आणि प्लायची कडाही झाकली जाते.

टेकूपट्ट्या भिंतीला तिन्ही बाजूंनी. जमिनीवरून मोजून खुणा करू नकोस, जमिनी उताराच्या असतात. पाणसळीनं मागच्या भिंतीवर आडवी रेघ मार, तीच दोन्ही बाजूंना ने. विटांच्या भिंतीत 8 मिलिमीटरचं भोक, प्लग, 75 मिलिमीटरचा स्क्रू. 20 पट्टीत जातात, 15 च्या आसपास गिलाव्यात, उरलेले विटेत धरतात. गिलाव्यातच संपणारा स्क्रू भरल्या फळीसकट बाहेर येतो. दर 25-30 सेंटिमीटरला एक पुरे. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडवं भोक पाडू नकोस, वायरी त्याच रेषेत असतात.

आणि माप, नंदू. "अंदाजे ऐंशी" म्हणू नकोस, रे बाबा! प्रत्येक फळीच्या उंचीवर मागे, मध्ये आणि पुढे मोज. तीन आकडे वेगळे येतील. भिंती काटकोनात नसतील तर जाड पुठ्ठ्याचा साचा काप आणि त्यावरून फळी 3 मिलिमीटर कमी काप. फटीत ॲक्रिलिक सीलंट भर. सिलिकॉनवर रंग धरत नाही. भिंत आधी रंगव, फळ्यांना मागच्या कडेसकट सहाही बाजूंनी प्रायमर दे, मग बसव. खालची फळी जमिनीपासून 10 सेंटिमीटर वर, म्हणजे फरशी पुसताना पाणी लागणार नाही. तिच्यावर टोपल्यांसाठी 43 सेंटिमीटर उंचीचा खण, फाइलींना 33, पुस्तकांना 28.

धूळ बसते, हे तुझं उत्तर मला होस्टेलच्या रॅकपासून पाठ आहे, आणि तेव्हाही मी म्हणत होतो की सगळं झाकायची गरज नाही. दारं हवीतच तर फक्त खालच्या खणाला लाव. एक मोठं न लावता दोन पाखं, आणि दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटरची भरपट्टी, नाहीतर कोपऱ्यातली बिजागरी भिंतीला आपटते आणि पाखं पूर्ण उघडत नाही.

सुमीच्या बदलीचं काय झालं? पिंट्याच्या निकालाबद्दल अभिनंदन, त्याला वेगळं लिहितो. प्लास्टिकचा निकाल आणि प्रत्येक फळीची तिन्ही मापं कळव, कापणीचा नकाशा मी काढून पाठवतो.

तुझा,
सदा

ता. क. भोक पाडताना पांढरी, हलकी भुकटी निघाली तर भिंत हलक्या ब्लॉकची आहे. मग ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाड आणि त्या ब्लॉकसाठीचेच प्लग माग, साधे त्यात फिरत राहतात.