आफ्रिकेतलं इंटरनेट आणि सरकारच्या हातातलं बटण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आफ्रिका म्हटलं की पेपरात दुष्काळ, यादवी नाहीतर जंगल सफारी एवढंच येतं. गेल्या १५-२० वर्षांत मोबाईल आणि इंटरनेटने तिथल्या माणसांचं रोजचं जगणं किती बदललंय यावर क्वचितच काही वाचायला मिळतं, म्हणून हे पत्र.

केनियाचंच बघा ना. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाईल कंपनीने फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा ही सेवा सुरू केली. पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा, शब्द ऐकताच आपल्याला ओळखीचा वाटतो. त्यासाठी स्मार्टफोन लागत नव्हता, बँकेत खातं लागत नव्हतं, साधा बटणांचा फोन असला तरी चालायचं. नैरोबीत काम करणारा माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जाणार, नोटा देणार, दुकानदार वहीत त्याच्या ओळखपत्राचा नंबर लिहून सही घेणार, फोनवर मेसेज येणार की पैसे जमा, आणि मग तेच पैसे फोनवरून गावाला आईला, आणि आई तिथल्या दुकानात पिन टाकून रोख घेऊन घरी. त्याआधी हेच पैसे कुणी ओळखीचं गावाकडे निघालं की त्याच्याकडे, नाहीतर बसच्या ड्रायव्हरकडे पाकिटात घालून द्यायचे, पोचले तर पोचले. मला यातली वही फार महत्त्वाची वाटते, कारण लोकांचा विश्वास बसला तो मशीनवर नाही, समोरच्या ओळखीच्या दुकानदारावर बसला.

खरं इंटरनेट नंतर आलं. २००९ मध्ये सीकॉम कंपनीची समुद्राखालची केबल पूर्व किनाऱ्याला लागली, तोवर तिकडे सगळं सॅटेलाइटवर, म्हणजे महाग आणि स्लो. पुढे धंदे उभे राहिले. नायजेरियात लागोसच्या दोन तरुणांनी पेस्टॅक काढली, दुकानदारांना ऑनलाइन पेमेंट घेता यावं म्हणून, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या स्ट्राइप या ऑनलाइन पेमेंट कंपनीने ती २० कोटी डॉलरच्या वर पैसे मोजून घेतली. अर्थात सगळीकडे हे पोचलेलं नाही, संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संघटना आयटीयू हिची २०२४ ची आकडेवारी सांगते की आफ्रिकेत इंटरनेट वापरणारे ३८ टक्केच, जगात ६८. गरिबाला डेटा पॅक अजून जडच जातो.

राजकारणही बदललंय. जून २०२४ मध्ये केनियात टॅक्स वाढवणारं फायनान्स बिल आलं तेव्हा तरुण पोरापोरींनी त्यातली कलमं टिकटॉकवर सोप्या भाषेत समजावून सांगितली, एक्सवर मोर्चे ठरवले, कुठला एक नेता नाही की पक्ष नाही. अनेकांचे जीव गेले आणि अध्यक्ष रुटो यांना बिलावर सही न करता ते मागे घ्यावं लागलं. त्या पोरांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण मला सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. हे सगळं ज्या बटणावर चालतं ते सरकारच्या हातात आहे. कॅमेरूनमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या दोन प्रांतांत वकील आणि शिक्षक कोर्टात, शाळेत फ्रेंच लादण्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, तर सरकारने जानेवारी २०१७ मध्ये त्या दोनच प्रांतांचं इंटरनेट तोडलं, एकदोन दिवस नाही, ९३ दिवस! बुएया हे गाव तिथल्या स्टार्टअपवाल्यांचं, डोंगराच्या पायथ्याशी म्हणून सिलिकॉन माउंटन म्हणतात त्याला. तिथली पोरं लॅपटॉप पाठीला लावून प्रांताच्या हद्दीवरच्या बोनाको नावाच्या खेड्यात जायची, कारण तिथे शेजारच्या प्रांताची रेंज यायची, एक खोली भाड्याने घेतली आणि पोर्टेबल मोडेमभोवती बसून क्लायंटची कामं केली. त्या खोलीला लोक इंटरनेटची निर्वासित छावणी म्हणायचे. त्याच भागातल्या बामेंडाचा एक १७ वर्षांचा मुलगा गूगलच्या कोडिंग स्पर्धेत जिंकला, आफ्रिकेतला पहिलाच, आणि त्याने शेवटचं काम पाठवलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावचं नेट गेलं. एक दिवस उशीर झाला असता तर?

युगांडात १८ फेब्रुवारी २०१६ ला मतदानाच्या दिवशी सरकारने सोशल मीडियाबरोबर मोबाईल मनीही, म्हणजे एम-पेसासारखी फोनवरची पैशांची सोयही, बंद केली. व्हॉट्सअॅप बंद झालं तर माणूस एकवेळ निभावून नेईल, पण ज्या बाईचा भाजीचा गल्लाच फोनमध्ये आहे तिने त्या दिवशी माल कशाने घ्यायचा? २०२१ च्या निवडणुकीत तर जवळपास ५ दिवस सगळं इंटरनेटच बंद होतं.

आफ्रिकेतल्या देशांच्या निवडणुकांची बातमी तुम्ही देता, कोण जिंकलं, किती मतांनी वगैरे. त्यातच मतदानाच्या दिवशी इंटरनेट आणि मोबाईल मनी चालू होतं की बंद, आणि बंद असेल तर किती दिवस, हीसुद्धा एक ओळ छापत जा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक