काकांच्या ओल्या उशीबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि जेवण झाल्या झाल्या लिहायला बसलो. काकांच्या तोंडातून लाळ गळते, उशी रोज भिजते, दुपारपर्यंत शर्टाची कॉलर ओली होते, म्हणून काकूंनी त्यांचं पाणी कमी केलंय. आधी ते पाणी पूर्वीसारखं सुरू कर. आमच्या अण्णांना असाच त्रास होता, तेव्हा आम्हीही हेच केलं होतं. लाळ थांबली नाहीच, ती चिकट होऊन घशात अडकायला लागली आणि बद्धकोष्ठ वाढलं ते वेगळंच.

अरे, निरोगी माणसाच्या तोंडातही दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. आपण ती नकळत गिळत राहतो, म्हणून जाणवत नाही. काकांचा पार्किन्सन्स म्हणजे शरीराच्या हालचाली मंदावणारा मेंदूचा आजार; त्यात हे नकळत गिळणंच मंदावतं. त्यात मान पुढे झुकलेली, ओठ किंचित उघडे. लाळ बहुतेकदा नेहमीइतकीच असते, कधी कमीसुद्धा. डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मला अण्णांची मूठ आठवली. चुरगळलेला रुमाल त्या मुठीत दिवसभर असायचा. पाहुण्यांसमोर मी त्यांना म्हणालो होतो, "अण्णा, पुसा ना जरा." त्यानंतर कोणी आलं की ते आतल्या खोलीत जाऊन बसायचे. काकांना चारचौघांत असं काही बोलू नकोस. मला ते अजून सलतं.

खरोखर जास्त लाळ सुटण्याची कारणं वेगळी असतात: घशाशी येणारं आम्लपित्त, तोंडातले फोड, किडलेला दात, नवी कवळी, गरोदरपणातली मळमळ. काही औषधांनीही लाळ वाढते. काकांना विसरभोळेपणासाठी गोळी सुरू केल्याचं तू लिहिलंयस. ती डोनेपेझिल असेल तर त्रास त्यानंतर वाढला का, ते आठवून डॉक्टरांना सांग. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नकोस.

आम्हाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो स्पीच थेरपिस्टचा. बोलणं सुधारणारी ही माणसं गिळणंही सुधारतात, हे मला ठाऊकच नव्हतं. ओठ मिटायचे, हनुवटी सरळ ठेवायची, एकदा गिळायचं आणि मग बोलायला सुरुवात करायची. सुरुवातीला मी समोर बसून नुसती खूण करायचो. पुढे अण्णा स्वतःच, बोलण्याआधी क्षणभर थांबायला लागले. तोंडाच्या कोपऱ्यातली कातडी लाल झाली असेल तर मऊ सुती कापडाने टिपा, घासून पुसू नका, आणि वर व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा.

एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत. ग्लायकोपायरोलेटने लाळ कमी होते, पण तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, लघवी अडू शकते. काकांना प्रोस्टेटचा त्रास आहे, काचबिंदू असेल तर तोही, हे आधीच सांगून टाक. या जातीच्या काही औषधांनी वयस्कर माणसं गोंधळतात, भास होतात. अण्णांना शेवटी लाळेच्या ग्रंथींमध्ये बोटॉक्सची इंजेक्शनं दिली. सुया कानापुढे आणि जबड्याखाली टोचतात. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा घ्यावी लागतात. पहिल्या इंजेक्शनांनंतर काही दिवसांनी त्यांनी कोरडी कॉलर मला बोटाने दाखवली होती.

जेवताना ठसका लागतो का, पाणी प्यायल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो का, याकडे नीट लक्ष दे. लाळ किंवा घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. खोकल्याबरोबर ताप आला तर वाट पाहू नकोस. आणि लाळ अचानक एकाच बाजूने गळायला लागली, तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर तडक हॉस्पिटल गाठ. तो पक्षाघात असू शकतो.

डॉक्टरांकडे जायचा दिवस ठरला की कळव. मी येतो. तू आत बोलत असताना काकांजवळ बसेन.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच मित्र