लंडनला दोन रात्री, दोघंच

लीड्स, 11 मे 2025

प्रिय आई, प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

काल फोनवर मी "आम्ही दोघंच लंडनला चाललोय" एवढं म्हटलं आणि आई, तू पुढचं काही ऐकलंच नाहीस. "अन् पोरं?" म्हणालीस आणि फोन सरळ बाबांच्या हातात दिलास. बाबांनी "बरं बरं" केलं आणि नेहमीसारखं, पाऊस आहे का तिकडे, हे विचारलं. म्हणून आता सगळं नीट लिहूनच पाठवते. भाच्याला सांगून मोठ्या अक्षरात छापून घ्या. बाबा, डोळ्यांत थेंब घातल्यावर लगेच वाचायला बसू नका, आई वाचून दाखवेल.

आधी पोरांचं. 20 जूनला शुक्रवार आहे. शाळा सुटली की शेजारची सांगलीची ताई तिच्या पोरांबरोबर दादू आणि छकुलीलाही तिच्या घरी घेऊन जाईल, आणि रविवारी संध्याकाळी आम्ही परत. दोनच रात्री. फेब्रुवारीत तिची दोन्ही पोरं चार दिवस आमच्याकडे होती, त्यामुळे उपकाराचा प्रश्न नाही, उलट तिच्याकडे आमची शिल्लकच आहे. दादूला तिच्या मांजराचं इतकं वेड आहे की तो आत्ताच विचारतोय, तुम्ही अजून एक दिवस नाही का राहणार. छकुली रडेल पहिल्या रात्री. रडू दे थोडी. मी पुण्याला हॉस्टेलवर गेले तेव्हा तू चार दिवस रडलीस, असं बाबा सांगतात.

दोन वर्षांपूर्वी असंच ठरवलं होतं, ते तुम्हाला सांगितलंच नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी छकुलीच्या पोटावर पुरळ दिसलं. कांजिण्या. हॉटेलचं सगळ्यात स्वस्त बुकिंग केलेलं, म्हणजे आलात तरी पैसे, नाही आलात तरी पैसे. सगळे बुडाले. तुमचे जावई आठवडाभर कॅलामाइनची बाटली हातात घेऊन हिंडत होते आणि मधूनच म्हणायचे, "आत्ता आपण थेम्सच्या काठी असतो." या वेळी दहा-बारा पौंड जास्त गेले, पण आदल्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच खोली घेतली.

खोलीचं ऐक, तुला हसू येईल. आम्ही राहणार ऑल्डगेटला, म्हणजे टॉवर ऑफ लंडनच्या जवळ. तो भाग सगळा बँकांचा आणि ऑफिसांचा. सोमवार ते गुरुवार कोट-टायवाल्यांची गर्दी, म्हणून भाव चढलेले. शुक्रवारी ही मंडळी घरी गेली की हॉटेलं ओस पडतात आणि भाव उतरतात. बाजार उठताना भाजी घ्यावी तसं. तरी मला मिळालेली सगळ्यात स्वस्त खोली बिनखिडकीची आहे! मी दोनदा वाचलं. लंडनमध्ये अशा खोल्या मिळतात आणि लोक घेतात. हे म्हणाले, दिवसभर बाहेरच तर असणार. मी म्हटलं, आपण कोठीघरात झोपायला पैसे देतोय. पण खिडकीचे चाळीस पौंड जास्त होते, मग मीच गप्प बसले.

बाबा, आता तुमच्या खात्यातली गोष्ट. इथे रेल्वेत दोघांनी मिळून काढायचा एक सवलतीचा पास असतो. नाव 'टू टुगेदर'. 35 पौंड, वर्षभर चालतो, तिकिटाचा एक तृतीयांश वाचतो. पासावर दोघांचे फोटो, आणि प्रवासात दोघं सोबत असलेच पाहिजेत. एकटं गेलं की सवलत बंद. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधीही चालत नाही. आईला एसटीत बाईमाणूस म्हणून अर्धं तिकीट, आणि मला इथे नवरा शेजारी बसला असेल तरच सूट! तुम्ही अकोला आगारात असता तर असा पास तपासताना जोडप्याला काय काय विचारलं असतंत, याची मी आणि हे कल्पना करून हसत होतो. लीड्सहून लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनला सव्वादोन तास लागतात. आधी काढलेली तिकिटं स्वस्त पडतात, पण ती त्याच गाडीची. वेळ बदलायची तर थोडे पैसे भरून बदलता येते, पैसे मात्र परत मिळत नाहीत.

लंडनच्या बसला कंडक्टर नाही, हे तुम्हाला आवडणार नाही. मागून चढायच्या जुन्या लाल गाड्यांवर असायचे, त्या 2005 च्या डिसेंबरात नेहमीच्या मार्गांवरून गेल्या. आता ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या यंत्राला बँकेचं कार्ड टेकवायचं, पावणेदोन पौंड कापले जातात, आणि पुढच्या तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे पैसे नाहीत. एका कार्डावर दोघं मात्र नाही. माणशी एक कार्ड. बसमध्ये चढतानाच टेकवायचं, भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरतानाही. उतरताना विसरलं की सगळ्यात जास्त भाडं कापतात. मी एकदा विसरले आहे, म्हणून इतकं ठामपणे सांगते. एरवी बस आणि रेल्वे कितीही फिरा, मधल्या दोन झोनमध्ये दिवसाचे 8 पौंड 90 पेन्सच्या वर कापत नाहीत.

आता खरी भानगड. तुमच्या जावयांनी एक्सेलमध्ये तक्ता केला. बावीस ठिकाणं. प्रत्येकापुढे वेळ, खर्च आणि 'महत्त्व' म्हणून एक रकाना, त्यात पाचपैकी गुण. बकिंगहॅम राजवाडा पाच, मेणाचे पुतळे चार, आणि शनिवारी दुपारी दीड तास प्रवास करून हाउन्स्लोला जाऊन वडापाव, त्याला पाच! मी म्हटलं, वडापाव मी घरी करते, तुम्ही तेवढे तास मला द्या. तीन दिवस आमची बोलणी चालली होती. शेवटी ठरलं की दिवसाला एकच गोष्ट ठरवायची, बाकी वेळ मोकळा. दहा वर्षांत आम्ही दोघं एकत्र गेलो ते एक तर कुणाच्या लग्नाला, नाही तर पोरांच्या डॉक्टरकडे. या वेळी मला कुठेही पोहोचायची घाई नको आहे. बाकावर बसून शेंगदाणे खायचे आहेत. कुणाचं नाक पुसायचं नाही.

कोहिनूर आम्ही पाहणार नाही, आई. टॉवरच्या आत जायचे दोघांचे मिळून सत्तर पौंडांच्या आसपास होतात, आणि आपल्याकडून आलेला दगड पाहायला इतके पैसे मोजायचं माझ्या जिवावर येतं. बाहेरून टॉवर दिसतो, शेजारचा पूल 1894 चा, त्यावरून चालायला काही लागत नाही. तिथून 15 नंबरची बस मिळते, सेंट पॉल्सवरून ट्रफाल्गर स्क्वेअरकडे जाते. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा धरायची, शहर अंगावर येतं. बाकी मोठी संग्रहालयं बहुतेक फुकट आहेत, हे इथलं मला फार आवडतं. फेंचर्च स्ट्रीटवरच्या उंच इमारतीत वर बाग केली आहे, तीही फुकट, फक्त वेळ आधी राखून ठेवावी लागते; दर सोमवारी तीन आठवड्यांपुढच्या वेळा उघडतात आणि चटकन संपतात. त्या सोमवारचा गजर हे लावून बसलेत. ते काम त्यांना दिलंय म्हणजे तक्त्याचं दुःख जरा कमी.

शुक्रवारी ब्रिटिश म्युझियम रात्री साडेआठपर्यंत उघडं असतं. किंग्ज क्रॉसला उतरून चालत गेलं तरी वीस-पंचवीस मिनिटं. चाकांची बॅग आत घेऊ देत नाहीत, म्हणून पाठीवरच्या दोन पिशव्याच नेणार. आत मधोमध मोठं काचेचं छत आहे आणि त्याखाली गोल इमारत. ती जुनी वाचनाची खोली, 1857 ची. बाबा, तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचात ना, बाबासाहेब सकाळी दार उघडायच्या आत हजर आणि संध्याकाळी रखवालदाराने उठवल्यावरच बाहेर, ती हीच जागा. पुस्तकं आता तिथे नाहीत, ग्रंथालय किंग्ज क्रॉसजवळच्या नव्या इमारतीत गेलं. पण त्या गोल भिंतीला हात लावता येतो. मी लावीन.

आणि शनिवारची एकच ठरवलेली गोष्ट तुमची आहे. 10, किंग हेन्रीज रोड. 1921-22 मध्ये बाबासाहेब राहिले ते घर. शाहू महाराजांची मदत, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजमधल्या नोकरीतली शिल्लक आणि मित्राकडून उसने पैसे घेऊन अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला ते पुन्हा आले होते. 2015 मध्ये आपल्या राज्य सरकारने ते विकत घेतलं तेव्हाचं कात्रण तुम्ही देवघराच्या जागी असलेल्या फोटोच्या चौकटीत खोचून ठेवलंय, ते मला माहीत आहे. मी इतकी वर्षं इथे राहून गेले नाही, याची तुम्हाला रुखरुख आहे, तेही माहीत आहे. तुम्ही बोलला नाहीत कधी.

खरं सांगायचं तर, हे पोरांना घेऊन करायचं काम, असं मी म्हणत होते. मग नकाशा पाहिला. चॉक फार्म स्टेशनला उतरायचं, तिथून थोडं चालत घर, आणि त्या घराच्या अगदी जवळ प्रिमरोझ हिल नावाची टेकडी. उंची जेमतेम 63 मीटर, आपल्याकडे तिला कुणी टेकडी म्हणणार नाही. पण वर गेलं की अख्खं लंडन समोर. जूनमध्ये सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. म्हणजे संध्याकाळी घर पाहायचं, निळ्या गोल पाटीसमोर तुमच्यासाठी फोटो काढायचा, मग टेकडीवर जाऊन अंधार पडेपर्यंत बसायचं. हे म्हणाले, बाबासाहेब अभ्यास करून थकले की इथेच फिरायला येत असतील का गं? मला माहीत नाही म्हटलं. पण त्यांनी तक्त्यात त्या ओळीला पाचपैकी सहा गुण दिले.

तेव्हा मला तुमची सहा डिसेंबरची गोष्ट आठवली. मी झाले नव्हते तेव्हाची. अकोल्याहून तुडुंब भरलेली गाडी, दादरला उतरून चैत्यभूमीची रांग, रात्री शिवाजी पार्कच्या मैदानात चादर टाकून झोपलात. आणि पहाटे आई, तू पहिल्यांदा समुद्र पाहिलास. लुगडं गुडघ्यापर्यंत धरून पाण्यात उभी राहिलीस आणि बाबा किनाऱ्यावर तुझ्या चपला हातात घेऊन उभे. ती गोष्ट तू इतक्या वेळा सांगितली आहेस की चपलांचा रंगही मला माहीत आहे, किरमिजी. तुम्हा दोघांची तेवढी एकच सहल, आणि तीही लाखभर लोकांत. आई, तू तेव्हा माझ्या मोठ्या दादाला आजीकडे ठेवून गेली होतीस, हे विसरलीस का? काल फोन ठेवल्यावर मला हे सुचलं, आधी सुचलं असतं तर फोनवरच म्हटलं असतं.

बाबा, त्या घराचे फोटो कुठून कुठून हवेत ते कळवा. पाटी, दार, रस्त्याच्या नावाची पाटी, एवढं धरलंय. अजून काही असेल तर भाच्याला सांगून लिहा, शनिवारपर्यंत व्हॉट्सॲप पाहीन, त्यानंतर टेकडीवर फोन बंद.

आणि आई, एक वाद मिटव. त्या पहाटे दादरला तुम्ही काय खाल्लं होतं? बाबा म्हणतात केळी, तू दर वेळी भजी सांगतेस.

उन्हाचं दुपारी बाहेर पडू नका. कूलरचं पाणी रोज बदला.

तुमची,
बेबी