बाइंडिंगवाल्या काकूंचे आभार

दिवाळी अंकांसाठीचे साहित्य ऐन पावसाळ्यात पाठवावे लागते. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने रुजवलेल्या या परंपरेत आपलीही एखादी कथा असावी, या इच्छेने नोकरी सांभाळून पहाटे लिहिलेल्या माझ्या दीर्घकथेचे एकमेव हस्तलिखित टाइप करून घेण्यासाठी नेत असताना, पुण्यातील अप्पा बळवंत चौकात गर्दीचा धक्का लागून साचलेल्या पाण्यात पडले.

समोरच्या बाइंडिंगच्या दुकानातील काकूंनी हातातले काम बाजूला ठेवून मला आत बोलावले. ओली पाने ओढून सुटी करू नयेत, त्यांवर इस्त्री तर मुळीच फिरवू नये, असे सांगत त्यांनी आणि त्यांच्या मदतनीस दादांनी पानांमध्ये टीपकागद घातले, ते भिजताच बदलले आणि सुटत जाणारी पाने पंख्याखाली पसरली. समासात डकवलेल्या दुरुस्त्यांच्या चिठ्ठ्या निघू लागल्या, तेव्हा प्रत्येक चिठ्ठी त्यांनी तिच्याच पानावर जपून ठेवली. ‘कुठली ओळ कुठं जायची ते तुम्हालाच ठाऊक, आम्ही ती हलू देत नाही,’ असे त्या म्हणाल्या. लिहिणाऱ्याची याहून मोठी काळजी कोणी घेऊ शकेल, असे मला वाटत नाही. शाईच्या पेनाने लिहिलेला थोडा मजकूर गेला, बाकी कथा वाचली. पैसे मात्र त्यांनी घेतले नाहीत.

कथा संपादकांकडे वेळेत पोहोचली आहे. काकू, दादा, तुमचे मनःपूर्वक आभार. ती छापून आली, तर अंकाची पहिली प्रत तुमच्या दुकानात आणून देईन.