पार्सल खाडीपलीकडूनच परत गेलं आणि रिस्कचा शिक्का माझ्या खात्यावर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी यांस

विषय: डिलिव्हरी न देताच ऑर्डर ‘ग्राहकाने नाकारली’ दाखवून रिफंड अडकवल्याबद्दल

नमस्कार,

मी गुहागर तालुक्यात धोपाव्याजवळ राहतो. आईसाठी बीपी मोजायचं मशीन तुमच्या ॲपवरून मागवलं, पैसे यूपीआयने आधीच भरले, आणि मशीन काही घरी आलंच नाही. ॲपवर मात्र आधी ‘ग्राहक घरी नाही’ आणि मग थेट ‘ग्राहकाने नाकारलं’. अहो, आई दिवसभर पडवीतच बसलेली असते आणि माझ्या फोनवर साधा मिस्ड कॉल पण नाही.

शेवटी कुरियरच्या पोराला मीच शोधून काढून फोन केला तेव्हा खरं काय ते कळलं. तुमच्या सिस्टीमने आमचं गाव दाभोळच्या रूटला टाकलंय. नकाशावर दाभोळ अगदी समोर दिसतं, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे ना. तिकडून यायचं तर गाडी फेरीबोटीत घालायची, तिकीट काढायचं, परत जाताना पुन्हा बोटीची वाट बघायची, नाहीतर दापोली, खेड, चिपळूण असं फिरून यायचं म्हणजे दिवस मोडला. त्या पोराला पार्सलमागे पैसे मिळतात, बोटीचं तिकीट त्याने खिशातून काढायचं का? त्याच्या ॲपमध्ये ‘रूट चुकलाय’ असं बटणच नाही म्हणे, म्हणून तो पलीकडच्या धक्क्यावरूनच ‘ग्राहक नाही’ दाबतो. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्यावर कारवाई करू नका.

राग याचा आहे की सरळ रेघेत अंतर मोजलं तुमच्या अल्गोरिदमने आणि चूक लागली माझ्या नावावर. आता माझी कॅश ऑन डिलिव्हरी बंद, रिटर्न बंद, रिफंडपुढे ‘पडताळणी सुरू’. तुमचा चॅटबॉट मराठीत गोड बोलतो, ‘तुमची अडचण समजली’ म्हणतो आणि परत तेच ऑप्शन दाखवतो. खूप विचारल्यावर एवढंच आलं की खात्यावर ‘असामान्य व्यवहार’ आढळलेत.

ते असामान्य काय ते मीच सांगतो. वाडीत रेंज धड नाही, म्हातारी माणसं जास्त, त्यामुळे शेजारच्या काकींचा कुकर असो की वरच्या घरातल्या आजोबांची बॅटरी, सगळं माझ्याच फोनवरून मागवलं जातं. विरार-डोंबिवलीतले चाकरमानी तिथून पैसे भरतात आणि पत्ता गावच्या घराचा देतात, गणपतीच्या आधी तर विचारूच नका. एका फोनवर अनेक नावं, पैसे एकीकडून आणि माल दुसरीकडे, त्यात परत गेलेली पार्सलं, एवढं दिसलं की फ्रॉड पकडणारं कॉम्प्युटर मॉडेल संशयाचा स्कोअर वाढवतं हे मला माहितीय, आणि चोर पकडायला ते लागतंच. पण कोकणात घरटी कोणीतरी मुंबईला असतं हे त्याला कोणी शिकवलंच नसेल तर आमचं रोजचं वागणंच त्याला लबाडी वाटणार! आणि ही ‘नाकारलं’ची खोटी नोंद पुढे त्याच मॉडेलला शिकवायला वापरली गेली तर अख्खा पिनकोड बदनाम होईल. शेजारच्या वहिनींनी आजवर एकही पार्सल परत केलेलं नाही, त्यांनाही आता कॅश ऑन डिलिव्हरी दिसत नाही.

माझे पैसे परत करा आणि खात्यावरचा शिक्का काढा, तो कशावरून लावला होता ते लेखी कळवा. गावाचा रूट गुहागर-शृंगारतळीच्या बाजूने करा, तिकडून रस्ता सरळ येतो. कुरियरवाल्यांना ते रूट चुकल्याचं बटण पण द्या, आमच्यासारखी खाडीकाठची गावं काही कमी नाहीत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं तुमच्यावर बंधनकारक आहे. उत्तर बॉटचं नको, माझं खातं उघडून बघितलेल्या माणसाचं हवं. नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवणार आहे. ऑर्डरचे स्क्रीनशॉट आणि बँकेचा मेसेज सोबत जोडलाय.

तुमचा ग्राहक,
धोपावे परिसर, ता. गुहागर, जि. रत्नागिरी