पंप फ्रिजवरच राहिला

लालबाग, मुंबई
बुधवार, रात्री साडेअकरा

चि. बाळूस
अनेक आशीर्वाद.

फोन करत नाही. फोनवर आपलं दुसऱ्या मिनिटाला बिनसतं. कागदावर निदान खोडता येतं.

रविवारी तू गेलास आणि तासाभराने आईला फ्रिजवर तुझा दम्याचा पंप दिसला. निळा. दुसरा घेतलास का, एवढं कळव. तळेगावात औषधांची दुकानं असणारच, पण घर सहा महिने बंद होतं म्हणालास, त्यात हा पाऊस. भिंतींना ओल आली असेल. असो, पत्राचा विषय तो नाही.

विषय तू चप्पल घालता घालता बोललास तो. "तुकोबांनाही डोंगरावर जावं लागलं. या घरात एक ओळ धड होत नाही." त्यावर मी ‘डोंगरावर पगार मिळतो का विचार’ असं म्हणालो. नको होतं म्हणायला. तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा ठेवते, पण समोर बसत नाही.

घर लहान आहे हे मला कबूल आहे. एकशे ऐंशी फुटांत चार माणसं, शेजारची मालिका, खालचा बँजोचा सराव. तू मोरीच्या कट्ट्याला टेकून, मांडीवर पाट घेऊन लिहायचास. माझ्या जुन्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर. ते कागद ताईने रद्दीत घालायला काढले तेव्हा मी बाजूला काढून ठेवले. कपाटाच्या वरच्या खणात आहेत. तुला सांगितलं नव्हतं.

पण तुकोबांचं मला पटलं नाही. मी शिकलेला नाही, पण तुकोबा मी छापखान्यात हाताने जुळवलेत. उमेदवारीत पहिलं मोठं काम मिळालं ते अभंगांचंच. केसमधून, म्हणजे खणांच्या पेटीतून, एकेक खिळा, म्हणजे शिशाचं अक्षर, उचलायचा, स्टिकच्या पट्टीत लावायचा, सगळी अक्षरं उलटी. हेडकंपोझिटर म्हातारा होता, सारखा सांगायचा की याच मुंबईत १८६९ साली इंदुप्रकाश छापखान्यात सरकारी खर्चाने गाथा छापली, तेव्हा नीट जुळव, हात धुऊन ये. मी धुऊन जायचो. शिशाने परत काळे व्हायचे.

‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ जुळवताना ‘सोयरीं’वरचा अनुस्वार माझ्याकडून दोनदा राहिला. दोनदा बोलणी खाल्ली, म्हणून तो शब्द डोक्यात बसला. बघ ना, माणूस एकांताला गेला आणि झाडांना नाव काय दिलं? सोयरे. नातेवाइकांना सोडून वर चढला आणि वर जाऊन पुन्हा नातीच जोडत बसला. तुमच्या त्या कार्यशाळेत याला काय म्हणतात ते मला माहीत नाही.

आणि गेले ते काय घरच्या कटकटीला कंटाळून? १६३०च्या दुष्काळात थोरली बायको गेली. ‘अन्न अन्न करितां मेली’ असं स्वतःच लिहून ठेवलंय. मुलगा संतू गेला. दुकान बुडालं, दिवाळं निघालं. कर्जखतांतला अर्धा वाटा भावाला, कान्होबाला दिला आणि आपला अर्धा इंद्रायणीत सोडला. तू नोकरी सोडलीस ती इंद्रायणीत सोडल्यासारखीच, फक्त हप्ते तिथेच राहिले. पीएफ काढू नकोस एवढं ऐक. तीन महिन्यांत काढलेला पीएफ आणि... जाऊ दे, पुन्हा सुरू झालो. चुकलो.

भंडारा डोंगर देहूपासून पाच-सहा किलोमीटर. कथेत तुकोबा दिवसभर तिथे बसायचे आणि धाकटी बायको जिजाई डोक्यावर भाकरी घेऊन उन्हातून चढायची. रोज. खाली पोरंबाळं, घरात दाणा नाही, ज्या काळ्याने नवरा पळवला त्याला शिव्या देत. एकदा पायात काटा रुतला. रक्त थांबेना. तेव्हा तोच काळा आला आणि पाय मांडीवर घेऊन त्याने काटा काढला. वडाळ्याच्या देवळात बुवा हे सांगायचे तेव्हा बायका डोळे पुसायच्या. तुझ्या आईने कधी पुसले नाहीत. सोमवारी भांडी घासता घासता, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, "काटा काढायला देवाला यावं लागलं. नवरा कुठे होता?"

मी पेपर वाचत होतो. पुढे काय वाचलं ते आठवत नाही.

तू साडेतीन वर्षांचा होतास. दिवाळी अंकांची गडबड, मी रात्री छापखान्यात. ती तुला खांद्यावर टाकून तीन जिने उतरली, टॅक्सी मिळेना म्हणून नाक्यापर्यंत पळाली, अनवाणी. मी सकाळी आलो तर दाराला कुलूप. शेजारच्या काकूंनी सांगितलं. इस्पितळात पोचलो तेव्हा तुझ्या तोंडावर नळी होती आणि तिच्या टाचेत काच. काच नर्सने काढली. मी हातातली प्रुफं कुठे ठेवावीत हे बघत होतो.

म्हणून पंपाचं लिहितो. कटकट म्हणून नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी अंकात तुझी कविता आली तेव्हा मी गणपती मंडळाच्या कट्ट्यावर सगळ्यांना अंक दाखवला. तुला फक्त एवढंच म्हणालो की तिसऱ्या ओळीत ‘दुःख’चा विसर्ग खाल्लाय. बत्तीस वर्षं चुका शोधल्या की डोळा आधी तिकडेच जातो. कविता जिन्यावरची होती. आई पिशव्या घेऊन चढते आणि प्रत्येक मजल्यावर थांबून काहीतरी निमित्त काढते. ती तू मोरीच्या कट्ट्यावर बसून लिहिलीस, बँजो चालू असताना. मी कुणाला सांगितलं नाही, पण ती मला पाठ आहे.

तुकोबांनी ‘बरें जालें देवा बाईल कर्कशा’ म्हटलं. बरं झालं म्हणून तरी अभंगात आली. ते गेले तेव्हा जिजाई पोटुशी होती. पुढे तोच मुलगा, नारायणबाबा, बापाच्या पादुका घेऊन निघाला. १६८५ साली पालखी त्याने सुरू केली. बापाला त्याने पाहिलेलंही नव्हतं. हे मला का आठवलं कोण जाणे. मी अजून आहे, तब्येत ठीक आहे, साखर एकशे चाळीस.

तू राहा तिथे. तीन महिने म्हणालास, तीन राहा. एवढंच कर. दार आतून कडी न लावता झोप. रात्री धाप लागली तर कुणाला आत येता आलं पाहिजे.

आता फ्रिजवर पंप नाही. संध्याकाळी बघितलं. तिच्या निळ्या पिशवीत आहे, ज्वारीच्या पिठाच्या डब्याखाली, सोबत लसणाची चटणी. मला काही बोललेली नाही. पण आज ताईला लोणावळ्याहून पुढच्या लोकलच्या वेळा विचारत होती. बहुतेक शनिवारी निघेल. मी पण येतो म्हणालो तर ‘बघा’ म्हणाली.

स्टेशनवर ये. पुलाचा जिना तिला एका दमात चढवणार नाही. मधे थांबली आणि काहीतरी निमित्त काढलं, तर तूही थांब.

तुझे
बाबा