व्यायामशाळेची फरशी: आधी स्लॅब, मग रबर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून सिडको, पाथर्डी फाट्यापर्यंत व्यापारी संकुलांच्या वरच्या मजल्यांवर जिम आहेत. सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये आणि प्रभागांतल्या व्यायामशाळांतही यंत्रे आली आहेत. यंत्रे पारखून घेतली जातात. फरशीचा निर्णय मात्र शेवटच्या आठवड्यात ‘काळे रबर टाकून द्या’ एवढ्यावर आटोपतो. अंदाजपत्रकात ‘रबर मॅट, दर चौरस फूट’ इतकीच नोंद असेल, तर ठेकेदार सर्वांत स्वस्त माल आणणारच. त्यात त्याचा दोष नाही.

पहिला प्रश्न रबराचा नाहीच, खालच्या स्लॅबचा आहे. राहत्या घराचा स्लॅब प्रति चौरस मीटर साधारण २०० किलो चल भार (माणसे, सामान यांचा बदलता भार) धरून काढलेला असतो. १,००० चौरस फुटांवर २० मिमी रबर अंथरले, तर रबराचेच वजन पावणेदोन टनांच्या आसपास, म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे १९ किलो जाते. यंत्रे, वजनाच्या प्लेट आणि माणसे वेगळीच. फ्लॅटमध्ये किंवा जुन्या इमारतीत जिम काढण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अभिप्राय घ्यावा. जाड रबर टाकले की स्लॅब सुरक्षित, हा गैरसमज आहे. रबर आघात कमी करते, भार कमी करत नाही.

दुसरी गोष्ट ओल. नदीकाठच्या तळमजल्यांत आणि बेसमेंटमध्ये पावसाळ्यात कोबा कोरडा दिसतो, पण आतून दमट असतो. दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून किमान १६ तास ठेवा. आतून थेंब धरले किंवा कोबा काळपट झाला, तर रबर चिकटवू नका. गोंद सुटतो, कडा उचलतात आणि कुबट वास कायमचा राहतो. परीक्षा जुलै-ऑगस्टमध्ये घ्या, एप्रिलमध्ये नव्हे. मग १० फुटी पट्टी फिरवून पातळी पाहा. पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली, तर आधी लेव्हलिंग करा. जुनी व्हिट्रिफाइड टाइल ठोकून पाहावी. जिथे ती पोकळ वाजते, तिथेच पहिला डंबेल पडल्यावर तडकते, रबराखाली असली तरी.

आता जाडी. ट्रेडमिल आणि सायकलींखाली ८ मिमी पुरे. तिथे मऊ ईव्हीए फोम टाकला, तर यंत्र डुगडुगते, पट्टा एका बाजूला सरकतो. डंबेलच्या जागी १५ ते २० मिमी हवे. डेडलिफ्टचे, म्हणजे जमिनीवरून जड बार उचलण्याच्या व्यायामाचे, गणित वेगळे आहे. १ मीटर उंचीवरून पडलेला बार ५ मिमी अंतरात थांबला, तर सरासरी आघात त्याच्या वजनाच्या सुमारे २०० पट होतो; थांबायला १५ मिमी मिळाले, तर सत्तर पटींच्या आत येतो. म्हणून तिथे नुसती रबराची टाइल नको, ८ बाय ८ फुटांचा प्लॅटफॉर्म हवा. १८ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांना आडवे, सांध्यावर सांधा येऊ न देता. वर मधोमध ४ बाय ८ फुटांचे प्लाय आणि दोन्ही बाजूंना त्याच जाडीच्या २ फुटी रबराच्या पट्ट्या. प्लेट रबरावर पडते, पाय घट्ट लाकडावर राहतात. दोन थर जोडायला ३० मिमीचा स्क्रू घ्यावा. दोन थर मिळून ३६ मिमी होतात; त्याहून लांब घेतला तर टोक खालून बाहेर येते, हे सुताराला आधी सांगावे लागते.

झुंबा-एरोबिक्सच्या खोलीत मात्र काळे रबर नकोच. बुटाचा तळवा त्यावर रुततो, शरीर वळते आणि पीळ गुडघ्यावर येतो. तिथे लाकूड किंवा खाली फोम असलेले स्पोर्ट्स व्हिनाइल बरे. पण त्या व्हिनाइलवर काळ्या रबराचा तुकडा टाकून यंत्र ठेवू नये. रबरातली रसायने उतरून पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो निघत नाही.

माल ओळखायला वजनकाटा पुरतो. ५० बाय ५० सेंमी, २० मिमी जाडीची टाइल साडेचार किलोच्या खाली भरली, तर ती सैल दाबलेली आहे; बागेतल्या घसरगुंडीखाली ठीक, डंबेलखाली तिचे दाणे सुटतात. पोहोचलेला माल एक दिवस त्याच खोलीत पसरून ठेवावा आणि भिंतीकडेने ५ मिमी फट सोडावी. नाशिकची डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत रबर आखडते-फुगते; फट नसेल तर मध्ये फुगवटा येतो. गोंद लावल्यावर यंत्रे २४ तास तरी आणू नयेत.

सफाईला काळे फिनेल आणि ॲसिड वर्ज्य. सौम्य साबणाचे पाणी आणि घट्ट पिळलेला पोछा एवढेच.

अंदाजपत्रक करणाऱ्यांना विनंती: प्रत्येक भागाची जाडी, घनता (किमान ९०० किलो प्रति घनमीटर) आणि खालच्या थराची कामे वेगवेगळ्या नोंदींत लिहा. माल उतरवताना चार टाइल वजन करून घ्या. त्याच खेपेच्या ५ टक्के टाइल जास्तीच्या मागवून ठेवा. बारबेलखालच्या टाइल सर्वांत आधी झिजतात, आणि पुढच्या खेपेची जाडी मिलिमीटरभर जरी चुकली तरी त्या कडेला पाय अडतो, तोही नेमका हातात वजन असताना.

– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक